पंतोजींची शाळा : कोण शिकत होते आणि कसे

'देशी शाळा' हा शब्दप्रयोग मुळात सरकारी कागदांतला आहे. १८८२ च्या हंटर आयोगाने त्याची रीतसर व्याख्या केली : एतद्देशीयांनी काढलेली किंवा चालवलेली, एतद्देशीय पद्धतीची शाळा. गावात मात्र तिला कुणी देशी म्हणत नसे. ती पंतोजींची शाळा, किंवा नुसती शाळा. रासायनिक खत आल्यावर शेणखत जसे 'सेंद्रिय' झाले, तसेच दुसऱ्या तऱ्हेची शाळा आल्यावर हिला विशेषण चिकटले.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेचा विषय शाळेपर्यंत आणला आणि या जुन्या शाळेबद्दल पुन्हा बोलले जाऊ लागले. बोलणारे साधारण दोन बाजूंचे असतात. गावोगाव शाळा होती, सगळे शिकत होते, इंग्रजांनी ते मोडले, असे एक बाजू म्हणते. घोकंपट्टी, छडी आणि भटा-ब्राह्मणांची मक्तेदारी यापलीकडे तिथे काही नव्हते, असे दुसरी बाजू म्हणते. गंमत अशी की दोन्ही बाजू पुरावा म्हणून बहुतेक तेच कागद पुढे करतात : १८२० ते १८४० च्या दरम्यान कंपनी सरकारने मद्रास, मुंबई आणि बंगाल इलाख्यांत केलेल्या पाहण्या. या पाहण्यांत किती शाळा होत्या याची चर्चा खूप झाली. त्या शाळेत मूल नेमके कसे शिकत होते, याकडे त्या मानाने लक्ष कमी गेले. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

शाळेला स्वतःची इमारत नसे. देवळाची ओवरी, एखाद्या वाड्याची पडवी, धर्मशाळा किंवा पंतोजींचे स्वतःचे घर. शिक्षक एक. वर्ग नाहीत, इयत्ता नाहीत, जूनमध्ये सुरू होणारे शैक्षणिक वर्ष नाही. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की चांगला दिवस पाहून पाटीपूजन करायचे आणि शाळेत बसवायचे. त्या दिवशी कुणी औटकीपर्यंत पोहोचलेला असे, कुणी बाराखडीत असे. नव्या मुलासाठी कुणी थांबत नसे आणि त्यालाही कुणाला गाठायचे नसे.

पहिले साधन धूळपाटी. लाकडी पाटीवर विटेची बारीक पूड किंवा माती पसरायची आणि तीत बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे. अक्षर पंतोजी किंवा मोठा मुलगा काढून देई. मूल त्यावरून पुन:पुन्हा बोट फिरवी आणि फिरवताना त्याचा उच्चार मोठ्याने करी. पाटी हलवली की अक्षर पुसले. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आजच्या शाळेत आपण आधी वाचायला शिकवतो आणि मग लिहायला. पंतोजींच्या शाळेत लिहिणे आधी येई. हात, डोळा आणि तोंड यांना एकाच वेळी एकाच अक्षरावर लावायचे आणि अक्षर हाताला येईपर्यंत सोडायचे नाही. धुळीचा फायदा उघड आहे : ती फुकट असते, आणि चूक मागे राहत नाही.

अक्षरे बसली की लाकडी फळा, मग बोरू, शाई आणि कागद. इथे 'कित्ता' येई. पंतोजींनी वळणदार लिहून दिलेली ओळ समोर ठेवायची आणि तिच्यावर गिरवायचे. लिपी मोडी, कारण पत्रे, हिशेब, जमिनीचे दस्त सगळे मोडीत असत. बाळबोध लागे ती पोथी वाचायला. पुढच्या टप्प्यावर पत्रांचे मायने : वडिलांना काय लिहावे, बरोबरीच्याला काय, सावकाराला काय. छापील पुस्तक शाळेत नसे. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून परवचा.

या शाळेची शब्दसंपत्ती मराठीत अजून पसरलेली आहे. आपण कामाचा 'श्रीगणेशा' करतो, 'ओनामा' करतो, कुणाचा तरी 'कित्ता गिरवतो', विषयाची 'उजळणी' करतो. यातला 'ओनामा' तर फार जुना. मुलाला सुरुवातीला जे 'ओ ना मा सी धं' म्हणायला लावत, ते 'ॐ नमः सिद्धम्' याचे झिजलेले रूप. त्याचे नाते अभ्यासक जैन परंपरेशी आणि कातंत्र व्याकरणाशी जोडतात. ब्राह्मण पंतोजी आणि त्याच्यापुढे बसलेला वाण्याचा मुलगा, दोघांनाही त्याचा अर्थ ठाऊक नसावा. तरी ते शतकानुशतके टिकले.

या पद्धतीचे एक जुने वर्णन एका इटालियन प्रवाशाने करून ठेवले आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३ मध्ये इक्केरीला, म्हणजे आजच्या कर्नाटकातल्या सागरजवळ, मुक्कामाला होता. तिथे देवळाच्या ओवरीत त्याला चार मुले अंकगणित शिकताना दिसली. जमिनीवर बारीक वाळू पसरलेली. एक मुलगा धड्याचा एक भाग सुरात म्हणे आणि म्हणता म्हणता बोटाने वाळूत लिही. बाकीचे तेच म्हणत, तेच लिहीत. जमीन भरली की पुसून नवी वाळू. शिक्षक कुठे दिसेना. अडले तर सांगणार कोण, असे त्याने विचारले. चौघेही एकाच ठिकाणी एकाच वेळी अडतील असे होत नाही, असे उत्तर त्याला मिळाले. देल्ला व्हाल्लेला हे उत्तर फार आवडले. मलाही ते कित्येक शिक्षणशास्त्रीय ग्रंथांपेक्षा जास्त सांगणारे वाटते.

पावणेदोनशे वर्षांनी हीच गोष्ट दुसऱ्या एका परदेशी माणसाच्या डोळ्यांत भरली आणि तिचा पुढे मोठा प्रवास झाला. अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेचा प्रमुख होता. शिक्षक त्याच्या मनासारखे काम करीनात. एका मलबारी शाळेत वाळूत अक्षरे गिरवणारी मुले त्याने पाहिली आणि आपल्या शाळेत तेच सुरू करायला सांगितले. शिक्षक ऐकेनात, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्किन नावाच्या मुलाला लहानांना शिकवायला बसवले. हा प्रयोग त्याने १७९७ मध्ये लंडनमध्ये छापला. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनच्या साउथवर्क भागात गरीब मुलांसाठी तशीच शाळा काढली. मूळ कल्पना कुणाची यावरून दोघांत भांडण लागले आणि दोघांच्या पद्धती चालवणाऱ्या वेगवेगळ्या संस्था उभ्या राहिल्या. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचे ही 'मद्रास पद्धत' ब्रिटनभर पसरली.

बेल्लारीचा कलेक्टर कँपबेल याने १८२३ मधल्या आपल्या अहवालात हे ऋण मोकळेपणाने मान्य केले. पुढे गेलेल्या मुलाने मागच्याला शिकवण्याची ही रीत स्वस्त आहे, तिने शिकवणाऱ्याचेही ज्ञान पक्के होते आणि इंग्लंडने तिचे अनुकरण केले ते योग्यच केले, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. त्याच सुमारास मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी नव्या शाळांसाठी लँकेस्टरची पद्धत सुधारणा म्हणून आणत होती. जॉर्ज जर्व्हिसच्या हाताखाली तयार झालेले पहिले चोवीस शिक्षक १८२६ मध्ये दख्खन, कोकण आणि गुजरातेत धाडण्यात आले. मद्रासच्या किनाऱ्यावरून लंडनला गेलेली वस्तू विलायती शिक्का घेऊन पुण्याला परत आली.

परत आली ती मात्र बदलून. मन्रोने मद्रास इलाख्यात केलेल्या पाहणीत १२,४९८ शाळा आणि १,८८,६५० विद्यार्थी नोंदले गेले. भागाकार केला तर शाळेमागे पंधरा मुले. मुंबई इलाख्यात १८२९ पर्यंत जमलेल्या माहितीत सुमारे १,७०० शाळा आणि ३५,००० मुले, शाळेमागे वीस. पंधरा-वीस मुलांत मोठ्याने लहानाला शिकवणे ही घरातल्या भावंडांसारखी गोष्ट आहे. लँकेस्टरने एका दालनात शेकडो मुले बसवली, त्यांच्यावर 'मॉनिटर' नेमले, त्यांना हुद्दे, बिल्ले आणि हुकूम दिले. एका मास्तराच्या पगारात शेकडो मुले उरकतात हे गिरण्यांच्या इंग्लंडला पटले. तंत्र नेले, पण ज्या आकारात ते चालत होते तो आकार मागे राहिला. माझ्या मते देशी पद्धतीबद्दलच्या चर्चेत ही गोष्ट सर्वांत आधी यायला हवी. आज साठ मुलांच्या वर्गात 'गटशिक्षण' करायला सांगितले की शिक्षकाची जी तारांबळ उडते, तिचे मूळही तिथेच आहे.

आता पाढ्यांकडे येऊ. घोकंपट्टीचा आरोप मुख्यतः त्यांच्यावरच असतो. मुलाला तीसपर्यंतचे पाढे पाठ करावे लागत, आणि त्यापुढे अपूर्णांकांचे : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. माझ्याकडे जुन्या बाजारातून जमवलेल्या काही अंकलिप्या आहेत. त्यांतही हे पाढे ओळीने छापलेले आहेत. नातवंडांना ते दाखवले की 'हे कशाला पाठ करायचे?' असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. उत्तर रुपयात आहे.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. वस्तूची किंमत चार आणे असेल तर ती पाव रुपया : लावा पावकी. आठ आणे : निमकी. बारा आणे : पाऊणकी. सव्वा रुपया म्हणजे एक रुपया चार आणे, दीड रुपया म्हणजे एक रुपया आठ आणे. बारा आणे वार असलेले अठरा वार कापड घेतले तर 'अठरा पाऊणे साडेतेरा', साडेतेरा रुपये. कागद नाही, पेन्सिल नाही. साडेतीन आणे शेर गूळ, सात शेर घ्यायचा : सात औटे साडेचोवीस आणे, म्हणजे दीड रुपया आणि वर अर्धा आणा.

अडीचकीची खुबी तर आणखी वेगळी. मणाचे शेर चाळीस. शेराला एक आणा भाव असेल तर मणाला चाळीस आणे, म्हणजे बरोबर अडीच रुपये. म्हणून शेराचा भाव आण्यांत घ्या, अडीचकीत म्हणा, मणाचा भाव रुपयांत तयार. सात आणे शेर? साडेसतरा रुपये मण. बाजारात धान्य घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला हे आले तर त्याला अडत्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. न आले तर काय होई, हे वेगळे सांगायला नको.

लिहायची रीतही तशीच सुटसुटीत : पावाला एक उभा दंड, अर्ध्याला दोन, पाऊणला तीन. ३॥ म्हणजे साडेतीन. अंश-छेदाची आडवी रेघ पाहण्याच्या कितीतरी आधी मूल अपूर्णांकाशी बोलू लागे. मराठीने त्याला शब्दही आयते दिले होते. दीड आणि अडीच यांना स्वतंत्र शब्द इंग्रजीत नाहीत. आजच्या मुलाला अपूर्णांक पहिल्यांदा भेटतो तो कापलेल्या भाकरीच्या नाहीतर केकच्या चित्रातून, आणि बऱ्याच मुलांच्या मनात तो तिथेच राहतो. अर्थ न सांगता पाठांतर करून घेणे वाईट, हे मान्य. पण औटकी म्हणणाऱ्या मुलाचा बाप संध्याकाळी त्याच औटकीने हिशेब करत असे. अर्थ शाळेबाहेर होता, आणि चालत जाण्याच्या अंतरावर होता.

इथपर्यंत आलेल्या वाचकाला मी पहिल्या बाजूचा वाटलो असेन. आता ओवरीत कोण बसले होते ते पाहू.

मद्रास इलाख्यातल्या १,८८,६५० विद्यार्थ्यांत मुली होत्या ४,५४०. शंभरात अडीचही नाहीत. त्यांतल्या बऱ्याच देवळांत नाचगाण्याचे काम करणाऱ्या घरांतल्या असल्याचे अनेक कलेक्टरांनी नोंदवले आहे. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांनी मुलीला शाळेत धाडायचे नाही, ही रीत इंग्रजांनी आणलेली नव्हती. मुलांच्या बाबतीत मद्रासचे आकडे दुसऱ्या बाजूला चकित करणारे आहेत : तमिळ जिल्ह्यांत शाळेत बसलेल्यांत बहुसंख्य मुले शूद्र गणल्या गेलेल्या जातींची होती. ब्राह्मणांचीच शाळा, हे विधान तिथे टिकत नाही. आपल्याकडे चित्र निराळे होते. मराठी मुलखातल्या पंतोजींच्या शाळेत मुख्यतः ब्राह्मण आणि व्यापारी जातींची मुले, थोडी कुणब्या-मराठ्यांची आणि कारागिरांची. महार, मांग, चांभार यांना त्या ओवरीची पायरीही चढता येत नव्हती. जो हिशेब शेतकऱ्याला अडत्यापासून वाचवू शकत होता, तो गावातल्या बहुतेक शेतकऱ्यांच्या मुलांपर्यंत पोहोचतच नव्हता.

एकूण किती मुले शिकत होती यावरचा वाद प्रसिद्ध आहे. गांधीजींनी २० ऑक्टोबर १९३१ रोजी लंडनच्या चॅटम हाउसमध्ये बोलताना सांगितले की पन्नास-शंभर वर्षांपूर्वीपेक्षा आज हिंदुस्थान जास्त निरक्षर आहे. इंग्रजांनी मुळे पाहण्यासाठी माती उकरली आणि ती तशीच उघडी ठेवली, म्हणून ते सुंदर झाड वाळले. श्रोत्यांत असलेल्या सर फिलिप हार्टॉग यांनी तिथेच पुरावा मागितला, पुढे पत्रव्यवहार केला आणि १९३९ मध्ये आपली बाजू पुस्तकरूपाने मांडली. त्यांना आकड्यांनी उत्तर देण्याचे काम केले ते एका मराठी माणसाने, रा. वि. परुळेकरांनी. दफ्तरातले मूळ कागद काढून त्यांनी दाखवले की मुंबई इलाख्याच्या पाहणीत बरेच काही सुटले होते. घरी होणारे शिकणे तर मोजलेच गेले नव्हते. धर्मपालांचे 'द ब्यूटिफुल ट्री' आले ते १९८३ मध्ये, मद्रासचे सगळे तक्ते घेऊन. त्या पुस्तकाचा आज जितका उल्लेख होतो त्याच्या दशांशानेही परुळेकरांचा होत नाही, याचे मला वाईट वाटते.

आकडे दोन्हीकडे ओढता येतात. मद्रासेत सदुसष्ट-अडुसष्ट माणसांमागे एक मूल शाळेत, मुंबईत नोंदीप्रमाणे एकशेतेहतीस माणसांमागे एक. फार जुन्या नव्हे अशा काळी युरोपातल्या बहुतेक देशांत जी स्थिती होती तिच्या मानाने हे वाईट नव्हते, असे खुद्द मन्रोचे मत. 'सगळे शिकत होते' असे मात्र यातून कसेही निघत नाही.

या वादात ज्यांचे म्हणणे मला सर्वांत मोलाचे वाटते ते जोतीराव फुले. हंटर आयोगापुढे १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी दिलेल्या निवेदनात देशी शाळांवर एक स्वतंत्र भाग आहे. इलाख्यात तेव्हा अशा १,०४९ शाळा आणि २७,६९४ विद्यार्थी असल्याचा सरकारी आकडा ते देतात. मुलांकडून पाढे घोकून घेतात, थोडे मोडी लिहिणे-वाचणे आणि काही धार्मिक पाठ होतात, फी दोन ते आठ आणे, आणि पंतोजींना शिकवण्याचे शिक्षण नसल्याने त्यांच्या हातून सुधारणा होणार नाही, असे ते म्हणतात. या पंतोजींच्या लायकीबद्दलचे त्यांचे शब्द तर फारच कडक आहेत.

पण त्याच निवेदनात शेतकऱ्यांच्या मुलांना काय शिकवावे हे सांगताना फुले यादी देतात : मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची आणि आरोग्याची माहिती. मोडी आणि हिशेब यादीच्या सुरुवातीलाच आहेत. पंतोजीच्या शाळेवर इतका संतापलेला माणूस पंतोजीच्या शाळेतला कामाचा भाग उचलतो आणि तो मागतो कुणासाठी, तर ज्यांना ती शाळा बंद होती त्यांच्यासाठी. आणि शिक्षकही शक्यतो शेतकरी जातींतून तयार करा म्हणतो. देशी पद्धतीचे काय ठेवावे आणि काय टाकावे याचा इतका व्यवहारी निवाडा मला दुसरीकडे कुठे आढळला नाही. नवी सरकारी शाळा म्हणजे आपोआप खुली शाळा नव्हे, हेही त्यांना पुरते ठाऊक होते. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला होता, तेव्हा पद्धत नवीच होती.

'देशी' या शब्दात आणखी एक खोली आहे आणि तिचे दार आपण सहसा उघडत नाही. वारली, गोंड, कोरकू, भिल्ल यांची मुले पंतोजींच्या शाळेत नव्हती, पण शिकत होतीच. गोंडांच्या गोटुलावर व्हेरियर एल्विनने १९४७ मध्ये भला मोठा ग्रंथ लिहिला. तिथेही मोठ्यांनी लहानांना शिकवण्याची रीत होती. बाहेरच्यांनी मात्र त्यातले तरुण-तरुणींचे नाच तेवढे पाहिले. महाराष्ट्रात हा धागा शाळेशी जोडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. बोर्डीहून त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरे राखणारी वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे म्हणून त्यांनी कुरणशाळा चालवली. गवत, बिया, दगड हीच साधने. वर्ग नाही, इमारत नाही, मुलाच्या कामाच्या वेळा आधी आणि शाळेच्या नंतर. माँटेसरीचे संस्कार घेऊन गेलेल्या या बायकांची शाळा धूळपाटीच्या किती जवळ पोहोचली होती, याचा विचार व्हायला हवा.

पंतोजींची शाळा कुणी एका हुकमाने बंद केली नाही. सरकारी नोकरीला नव्या शाळेचा दाखला लागू लागला, अनुदानासाठी तपासनिसाच्या अटी आल्या, जमिनीचे महसूल रोखीत गेल्यावर गावाची पंतोजीला धान्य घालण्याची ऐपत कमी झाली. ती आतून पोकळ होत गेली. तिचे पाढे तिच्यापेक्षा जास्त जगले. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत शेर-मण जाऊन किलो आले. अडीचकीचा धंदा त्या दिवशी बुडाला, कारण ती ज्या चाळीस शेरांवर आणि सोळा आण्यांवर उभी होती ते दोन्ही खांब गेले. पावकी, निमकी आणि पाऊणकी तेवढ्या बोलण्यात राहिल्या. पंचवीस पैशांचे नाणे २०११ मध्ये बंद होईपर्यंत आपण त्याला चार आणेच म्हणत होतो.

मोडीही त्याच सुमारास शाळांतून गेली. पुण्याच्या दफ्तरखान्यात आणि राज्यभरच्या अभिलेखागारांत मोडीचे कोट्यवधी कागद पडून आहेत आणि ते वाचणारी माणसे फार थोडी आहेत. सातबाऱ्याच्या आधीच्या जमिनीच्या नोंदी, जातीच्या दाखल्यासाठी लागणारे पणजोबांच्या शाळेचे दाखले, हे सगळे त्यांतच असते, म्हणून आता शेतकऱ्यांच्या घरांतली तरुण मुले पुराभिलेख विभागाच्या मोडीवर्गांना नाव घालतात. अशा एका वर्गाला मी बसलो होतो. पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला वळणदार अक्षरांचा एक छापील कागद दिला आणि सांगितले, वाचायची घाई करू नका. आधी आठवडाभर यावर नुसते गिरवा, आणि गिरवताना मोठ्याने म्हणा.